फुलं काढणारी माणसं : दापोडीच्या बागेपासून आरांच्या फुलदाणीपर्यंत

(उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

कोल्हापूरच्या उंबऱ्यावर बसून चित्रकलेवर बोलायचं म्हणजे थोडं दडपण येतंच. कलापूर म्हणून नाव झालेलं शहर हे. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर ही नावं इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण आजच्या आमच्या विषयात या नावांचा फारसा उपयोग होणार नाही. कोल्हापूरच्या परंपरेत व्यक्तिचित्र आहे, निसर्गचित्र आहे, नाटकाचे पडदे आहेत, सिनेमाची पोस्टरं आहेत. फूलही आहे, पण ते पडद्यावरच्या बागेत, नाहीतर कुणाच्या तरी हातात किंवा गळ्यात. अमुक एक माणूस 'फुलांचा चित्रकार' होता, असं आपण सहसा म्हणत नाही. ते का, आणि जगात जिथे असं म्हटलं गेलं तिथे ही माणसं नेमकं काय करत होती, हे आज पाहू.

पहिलं कारण अगदी साधं आहे. फूल काढणं सोपं असतं, असं आपल्याला वाटतं. मूल पेन्सिल धरायला शिकलं की मधे एक गोल आणि भोवती पाच पाकळ्या काढतं. आपण वा वा म्हणतो, आणि ते मूल पुढे जन्मभर तेच फूल काढत राहतं.

आता इथे टेबलावर तांब्यात ठेवलेली जास्वंद बघा. साधी, लाल, एकेरी. पुढे या, लांबून कळणार नाही. पाच पाकळ्या आहेत, पण त्या शेजारी शेजारी चिकटवल्यासारख्या नाहीत. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आहे आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पंख्याची पाती एकाच दिशेला वळलेली असतात ना, तशी ही गुंफण असते. मधला दांडा म्हणजे पुंकेसरांची नळी, आणि तिच्या टोकाला पाच छोटे लाल ठिपके. कळीतसुद्धा ही गुंफण असते, म्हणून कळीला पीळ दिसतो. हे एकदा कळलं की तुमचं चित्र बदलतं. शेजारचा झेंडू घ्या. ज्याला आपण झेंडूचं एक फूल म्हणतो ती खरं तर शेकडो फुलांची वस्ती आहे. एक 'पाकळी' ओढून काढा, तिच्या बुडाशी काळं बारीक बी धरू लागलेलं दिसेल. म्हणजे ती पाकळी नव्हेच, अख्खं फूल. (आणि जाता जाता, दसऱ्याला आपल्याला ज्याच्यावाचून चालत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. असो.)

तर बघणं ही पहिली अडचण. दुसरी त्याहून मोठी आहे, ती म्हणजे वेळ. वस्तुचित्राला, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राला, इंग्रजीवरून आपण 'स्टिल लाइफ' म्हणतो. तांब्या, वांगी, पितळेचा दिवा हे आठ दिवस ठेवलं तरी जागचं हलत नाही. वांगी जरा सुरकुततील इतकंच. फूल मात्र स्थिर नसतं. ही जास्वंद सकाळी उमलली, आता संध्याकाळ होतेय, तर मिटायला लागलीय. ट्युलिप तर तोडून पाण्यात ठेवल्यावरही वाढतो आणि उजेडाकडे वळतो. सकाळी काढलेली रेघ दुपारी खोटी ठरते. तेव्हा या चित्रकारांकडे बघताना आम्ही एकच प्रश्न धरून चालतो : या माणसानं वेळेशी कसा व्यवहार केला?

हॉलंडमधल्या लोकांनी केला तो व्यवहार चलाखीचा होता. सतराव्या शतकात तिथे फुलांच्या चित्राचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. आम्ब्रोसिउस बोसखार्ट हा सुरुवातीच्या मंडळींपैकी एक. त्याच्या फुलदाणीत वसंतातला ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात त्या काळी हे एकत्र मिळणंच शक्य नव्हतं. ही मंडळी ज्या त्या मोसमात एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवायची आणि नंतर सगळे अभ्यास एका चित्रात जमवायची. म्हणजे तो गुच्छ कुणाच्याही घरात कधीच नव्हता. तरीही एकेक फूल मात्र खरं. यान फान हाउसुम नावाचा पुढच्या शतकातला चित्रकार तर इतका हट्टी, की गिऱ्हाइकाला त्यानं कळवलं : चित्र पुरं होऊ शकत नाही, कारण पिवळा गुलाब समोर मिळालेला नाही. आठवणीतून काढता आला नसता का? त्याला नक्कीच आला असता. पण त्याला ते चाललं नसतं.

याच परंपरेतली राखेल रोइश ही आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. १६६४चा जन्म, १७५०ला मृत्यू. वडील ॲमस्टरडॅममधले शरीररचनेचे आणि वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे घरात नमुन्यांचा संग्रह. दहा मुलं झाली तरी ती वयाच्या ऐंशीपुढेपर्यंत काम करत राहिली आणि शेवटच्या काही चित्रांवर सहीसोबत स्वतःचं वय लिहीत राहिली. तिच्या हयातीत तिच्या चित्रांना उत्तम किंमत यायची. मग पुढे फुलांचं चित्र म्हणजे बायकांचं, फावल्या वेळचं काम, ही समजूत कुठून आली?

ती आली अकादम्यांच्या चढत्या पायऱ्यांतून. फ्रान्समधल्या अकादमीनं सतराव्या शतकातच चित्रांची उतरंड ठरवून टाकली होती. सगळ्यात वर इतिहास-पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्र, आणि सगळ्यात तळाला फळं, फुलं, भांडी. वरच्या पायऱ्यांसाठी नग्न मॉडेलवरून अभ्यास लागायचा आणि त्या वर्गात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. लंडनची रॉयल अकादमी १७६८मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत दोनच स्त्रिया होत्या, त्यातली मेरी मोझर ही फुलांची चित्रकार. योहान त्सोफानी यानं त्या अकादमीचं एक समूहचित्र रंगवलं आहे. पुरुष सदस्य मॉडेलभोवती जमलेत. या दोघी कुठे आहेत? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! सदस्य असूनही खोलीत यायची मुभा नाही. फूल तळाच्या पायरीवर, स्त्रियाही तळाच्या पायरीवर, मग या दोघांची जोडी लागणारच.

हीच उतरंड जहाजात बसून मुंबईला आली. १८५७मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे फुलाला जागा मिळाली, पण ती 'नक्षी' म्हणून. इंग्लंडमधल्या साउथ केन्सिंग्टनची शिकवण्याची पद्धत इकडे आली होती. पानाफुलाचा अभ्यास करायचा, मग ते फूल सपाट करायचं, दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि पट्टीत पुन्हा पुन्हा बसवायचं. यातून निघालेलं काम वाईट अजिबात नाही. मुंबईत व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, उतरलात तर वर मान करून बघा. दगडातली ती पानंफुलं आणि प्राणी जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत. पण फूल त्यात एका इमारतीची सेवा करतंय. आणि आजही आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी-इंटरमीजिएटमध्ये, मुलाच्या हातून फूल सगळ्यात जास्त वेळा निघतं ते संकल्पचित्रात. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार सारखी फुलं. ती कसली फुलं, हे त्या मुलाला विचारून बघा.

कोल्हापूरच्या चित्रकारांना दोष द्यायचं मात्र कारण नाही. संस्थानात पैसा होता तो तसबिरीला आणि पुढे नाटक-सिनेमाला. फुलदाणीच्या चित्राला इथे गिऱ्हाईक कोण होतं? पोट ज्यावर भरतं त्यातच हात तयार होतो.

आता दुसऱ्या परंपरेकडे येऊ. ती आपल्या मातीच्या जास्त जवळची आहे. इथे फूल शोभेसाठी काढलेलं नाही, ओळख पटावी म्हणून काढलेलं आहे. या परंपरेनं वेळेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला : सगळे क्षण एकाच कागदावर. एका फांदीवर कळी, उमललेलं फूल, फळ, आणि खाली कोपऱ्यात फूल चिरून आतले भाग. अशी फांदी निसर्गात एका वेळी मिळेलच असं नाही. म्हणजे डच गुच्छाइतकीच ही फांदीही जमवलेली आहे, हेतू तेवढा वेगळा.

या परंपरेत नावाचं काय होतं, ते नीट बघण्यासारखं आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी मन्सूर नावाचा चित्रकार होता. जहांगीरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की मन्सूरनं काश्मीरच्या शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली. त्यातली अगदी थोडी आज आपल्यापर्यंत आली आहेत, पण नाव टिकलं, कारण बादशहानं ते लिहिलं.

पुढचं उदाहरण मलबारचं, पण त्यात आपली लिपी आहे. डचांचा कोचीचा गव्हर्नर फान रेडे यानं मलबारातल्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला, 'होर्टुस मलबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, पानभर चित्रं. वनस्पतींची माहिती सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. या तिघांचं १६७५चं निवेदन पहिल्या खंडात त्यांच्याच भाषेत, नागरी अक्षरांत, तसंच्या तसं छापलंय. युरोपात छापल्या गेलेल्या सुरुवातीच्या नागरी मजकुरांपैकी हा एक. चित्रांवरही वनस्पतींची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशी दिलेली आढळतात. म्हणजे परका माणूस, परका छापखाना, तरी माहिती देणाऱ्याचं नाव ग्रंथात आलं.

आता तिथून पावणेदोनशे वर्षं पुढे, आणि घराजवळ, पुण्याला या. पुणे-लोणावळा लोकलनं जाताना लागतं ते दापोडी स्टेशन तुम्हाला माहीत असेल. तिथे एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारची वनस्पतीबाग होती. इंग्रजी कागदांत तिचं नाव 'दापुरी'. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३८पासून तिची व्यवस्था पाहत होता. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्यानं १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली. सुमारे १७० चित्रं आहेत, आणि आज ती एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नॉल्टी या अभ्यासकानं २००२मध्ये त्यांच्यावर मोठं पुस्तक केलं, म्हणून आपल्याला ती पाहता तरी येतात.

चित्रं पाहिली की हात किती तयार होता ते कळतं. पानाची वरची बाजू आणि मागची बाजू यांचा हिरवा वेगळा. पान वळतं तिथे शीर कशी दिसेनाशी होते, हे बरोबर. देठ फांदीला जिथून फुटतो तो सांधा बरोबर. आणि हा सांधा चुकला की उरलेलं फूल कितीही सुंदर काढा, ते कागदावर चिकटवल्यासारखंच दिसतं. हे शिकवून पटकन येत नाही, वर्षानुवर्षं रोज डहाळी समोर ठेवावी लागते.

या माणसाचं नाव काय?

ते कुठेच लिहिलेलं नाही. तो इंडो-पोर्तुगीज होता एवढंच कळतं, म्हणजे गोवा-वसईकडच्या ख्रिस्ती समाजातला असावा. गिब्सनच्या नेमणुका, बढत्या, अहवाल सगळे जपलेले आहेत. गिब्सनबरोबर 'बॉम्बे फ्लोरा' हे १८६१चं पुस्तक लिहिणाऱ्या डाल्झेलचं नाव तर सह्याद्रीतल्या एका तेरड्यालाच दिलंय. पावसाळ्यात घाटात तो पिवळा तेरडा फुलतो, त्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स डाल्झेली. लिहिणाऱ्याचं नाव फुलाला मिळालं, आणि फुलं काढणाऱ्याचं नाव त्याच्याच चित्रांना नाही. आम्हाला यात कुणा एका माणसाचा दुष्टपणा वाटत नाही. पगारी कारागिराची सही घ्यायची असते, हेच कुणाच्या मनात आलं नसणार. पण म्हणूनच ते जास्त बोचतं.

तंजावरचाही उल्लेख करायला हवा, कारण ते राज्य भोसल्यांचं, मराठी भाषेचं. दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांना वैद्यकाचा आणि निसर्गाचा नाद होता. त्यांच्या दरबारात पक्ष्यांची, वनस्पतींची चित्रं काढली गेली, औषधी वनस्पतींची रंगीत चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तिथेही राजाचं नाव सगळ्यांना माहीत, कुंचला धरणाऱ्यांचं क्वचितच.

आता वेळेशी व्यवहार करण्याचा तिसरा मार्ग, आणि आपल्या काळाजवळचा माणूस. कृष्णाजी हौळाजी आरा. १९१४मध्ये सिकंदराबादजवळच्या बोलारमला जन्म. आई लवकर गेली, सात वर्षांचं पोर घरातून पळून मुंबईला आलं. घरगडी म्हणून राहिला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. कलाशाळेचं रीतसर शिक्षण नाही. रुडी फॉन लायडन या टाइम्स ऑफ इंडियाच्या कलासमीक्षकाच्या नजरेला त्यांचं काम पडलं आणि १९४२मध्ये आरांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात सहा जण होते : सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा. बाकीच्यांना जुनं सगळं मोडायचं होतं. सूझांची चित्रं पाहून माणसं बिचकायची. आणि आरा? आरा फुलदाणी रंगवत होते. नग्नचित्रंही त्यांनी पुष्कळ केली, पण त्यांचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येते ती फुलदाणी, मडकी, टेबल.

आरांच्या फुलांत पाकळ्या मोजायला जाऊ नका. जलरंग आणि गुआश ते तैलरंगासारखे जाड लावायचे. फूल कुठलं, हे कधी कधी सांगता येत नाही. पण फुलदाणीचं वजन कळतं, फुलांचा भार एका बाजूला झुकलाय हे कळतं, आणि रंगवणाऱ्याची घाई जाणवते. सुकायच्या आत हे पकडायचंय, अशी. आमच्या मते ही घाईच त्या चित्रांचा प्राण आहे. डचांनी वेळ फसवला, दापोडीच्या चित्रकारानं सगळे क्षण एका कागदावर गोळा केले, आरांनी जो क्षण समोर आहे तेवढाच घेतला. ज्याला ड्रॉइंगरूममधली शोभा म्हणून हिणवलं जायचं, तो विषय या माणसानं ऐन बंडखोरांच्या घोळक्यात बसून चार दशकं सोडला नाही. १९८५मध्ये ते मुंबईतच गेले. हुसेन-रझांच्या मानानं त्यांच्यावर लिहिलं गेलंय फार थोडं.

काही जणांच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय : आता मोबाइलमध्ये इतका चांगला कॅमेरा असताना हे हातानं कशाला काढायचं? उत्तर इथून जवळच आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या सेरोपेजियांवर, म्हणजे कंदीलपुष्पांवर, मोठं काम केलंय. हे फूल कंदिलासारखं असतं. वर जाळीदार टोपी, खाली नळी, आत केस. माशी आत शिरते, केसांमुळे काही काळ अडकते आणि परागकण घेऊन बाहेर पडते. फोटोत बाहेरचा कंदील सुरेख येतो, आतली यंत्रणा येत नाही. त्यासाठी नळी उभी चिरून, भिंगाखाली धरून, एकेक भाग मोजून काढावा लागतो. म्हणूनच नव्या वनस्पतीचं वर्णन प्रसिद्ध करताना आजही फोटोंच्या जोडीला शाईतलं रेखाचित्र देतात. रेघ काढणाऱ्याला काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा निर्णय घ्यावा लागतो. कॅमेरा तो निर्णय घेत नाही. यातल्या काही जाती मोजक्या कड्यांवर, डोंगरांच्या माथ्यांवरच उगवतात. एखादा माथा खणला गेला तर मागे चित्रच उरायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

एक प्रश्न आलाय, पांढरं फूल पांढऱ्या कागदावर कसं दाखवायचं? जलरंगात फूल रंगवायचंच नाही, त्याच्या मागचं पान रंगवायचं. तगरीच्या मागे गडद हिरवा आला की तगर आपोआप पुढे येते. पाकळीच्या सावलीत काळा घालू नका, अगदी पातळ निळसर किंवा हिरवट छटा पुरते. आपल्या जुन्या लघुचित्रांत मात्र अपारदर्शक पांढरा वर लावलेला असतो, ती वेगळी पद्धत.

दुसरा प्रश्न इथल्या एका शिक्षिका विचारताहेत : पाचवीच्या वर्गाला कुठलं फूल द्यावं? बाई, सदाफुली द्या. जास्वंदीचा दांडा आणि वळलेल्या पाकळ्या त्या वयाला जड जातात, झेंडूत तर मुलं हरवूनच जातात. सदाफुली सपाट असते, पाकळ्या पाचच, कुणाच्याही कुंपणापाशी मिळते. प्रत्येकाला वेगळी डहाळी द्या, एकच फूल फळ्याजवळ ठेवू नका. आधी फूल समोरून काढायला सांगा, मग तेच बाजूनं वळवून. गोल होता त्याचा लंबगोल कसा होतो ते त्यांना स्वतःला दिसू दे. पाकळीची कुठली कड वर आहे ते विचारा, उत्तर तुम्ही सांगू नका. खोडरबर गोळा करून ठेवलेत तर बरं. आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, फूल कुठून आणलं ते, आणि मुलाचं पूर्ण नाव. शाईनं लिहायला सांगा.